डिझेलच्या गाडीत पेट्रोल

ओपल,

नव्या पिकअपच्या टाकीत अस्वलाने पेट्रोल ओतलं, असं लिहायला बसलो होतो. पण तुझी घोडी क्लोव्हर खिडकीतून एकुलत्या एका डोळ्याने माझ्याकडे बघतेय, म्हणून खरं लिहितो. मीच ओतलं. गाडी डिझेलची, पण हात सवयीने अंगणातल्या पेट्रोलच्या पिंपाकडे गेला. ट्रेलर जोडून निघालो, तर फाटकापाशी आचके देऊन बंद पडली. ही अख्खा डोंगर ओढून नेईल, असं कालच तुला सांगत होतो.

आणि ही दुकानदाराने आठवडाभर वापरून बघायला दिलेली नाही. मी विकत घेतलीय, तुला न विचारता. जुनी पिकअपही दुरुस्तीला टाकलेली नाही. शेजारच्या ऑर्विलला विकली. आता तीच मागायला त्याच्याकडे चालत निघालोय. फोन केला असता तर त्याने हसत ठेवून दिला असता. समोर उभा राहिलो तर निदान पोटभर हसून किल्ली देईल.

दुपारी ऑपरेशनला पोचलो नाही तर क्लोव्हरचा हाही डोळा जाईल, हे मला ठाऊक आहे गं.

तिला ट्रेलरमधून उतरवून घराच्या सावलीत बांधलंय. चर्चमधून आलीस की आधी तिच्याजवळ जा, मला शिव्या नंतर दे. फार घाबरलीय. "काही होत नाही, बाई," असं मी किती वेळा सांगितलं, पण माझ्या बोलण्यावर तिचाही विश्वास उरलेला नाही.

हायरम