डोकं म्हणजे गुडघा नव्हे

आई,

मॉरिसव्हिलच्या घरात ओट्याशी उभी राहून तू माझ्या शाळेतल्या अमेरिकन फुटबॉलच्या परवानगीच्या फॉर्मवर सही केलीस, तेव्हा तुझे हात कणकेचे होते. बाबांनी आधीच नाही म्हटलं होतं. "रेड्यांच्या टकरी लावतात, तसला खेळ आहे हा. आपल्या मुलाने कशाला खेळायचा?" नागपूरहून येऊन मला पाच वर्षं झाली होती. वर्गात माझ्याएवढं धिप्पाड कुणी नव्हतं आणि माझ्याशी बोलणारंही कुणी नव्हतं. ते तुला दिसत होतं. "खेळू दे. निदान चार मित्र तरी होतील," एवढंच म्हणालीस आणि परत कणीक मळायला लागलीस.

मित्र झाले. आधी कॉलेजने बोलावलं, मग प्रोफेशनल टीमने. नऊ सीझन खेळलो. माझं काम एकच होतं: बॉल फेकणाऱ्याच्या पुढे वाकून उभं राहायचं आणि त्याच्यावर धावून येणाऱ्याला अंगावर घ्यायचं. एका मॅचमध्ये साठेक वेळा. टीव्हीवर माझा चेहरा क्वचितच दिसायचा, तरी तू शेजारच्या काकूंना बोट लावून दाखवायचीस, "हा वाकलेला आहे ना, तो आमचा."

सहाव्या सीझनमधला तो सोमवार मात्र तुला एकटीलाच कळला. आदल्या दिवशी मॅच झाली होती. मी टेबलाशी बसलोय, तू थालीपीठ थापतेयस, आणि मी तुला विमानातली एक गंमत सांगतोय. तू हसलीस. थोड्या वेळाने मी तीच सांगितली. तिसऱ्यांदा सुरू केली तेव्हा तू गॅस बंद केलास आणि हळूच विचारलंस, "आज वार कोणता रे?" मला सांगता आलं नाही. मग तू रागावलीस, आयुष्यात पहिल्यांदा एवढी. "डोकं म्हणजे गुडघा नव्हे. बदलून मिळत नाही. सोड हे." मी उठलो आणि फ्रिजच्या दारावर ठोसा मारला. पत्रा आत गेला. तू ओरडली नाहीस, फक्त एक पाऊल मागे सरकलीस. नंतर त्या खळग्यावर तू कॅलेंडर लावलंस आणि बाबांना काही कळू दिलं नाहीस. मी पुढची तीन वर्षं खेळलो. टीमने मला सोडलं त्याच हिवाळ्यात तू गेलीस.

त्याला आता अकरा वर्षं झाली. लाइनमध्ये माझ्या डावीकडे जो उभा राहायचा, तो गेल्या वर्षी वारला. पन्नाशीही झाली नव्हती. फ्यूनरलला त्याची बायको आम्हा दोघांना बाजूला घेऊन म्हणाली, "आधी तो रस्ते चुकायला लागला. मग आमच्यावर चिडायला लागला. मग मुलं त्याला घाबरायला लागली." हे सगळं तिने याच क्रमाने सांगितलं, आणि सांगताना ती माझ्या बायकोकडे बघत होती.

गेल्या गुरुवारी दुपारी मी लेकीला स्विमिंगहून आणायला गेलो. ती दहा वर्षांची आहे, तू तिला पाहिलं नाहीस. घर पंधरा मिनिटांवर. मी हायवेला लागलो आणि चालवत राहिलो. मागून ती म्हणाली, "बाबा, this isn't the way home." मी म्हणालो, "मीटिंगला उशीर होतोय, कोच थांबलेत." तिने विचारलं, "कोण कोच?" आणि मी तिच्यावर ओरडलो. काय ओरडलो ते मला आठवत नाही. ती सांगत नाही. दीड तासाने पेट्रोल भरायला थांबलो, तेव्हा तिने आत जाऊन काउंटरवरच्या बाईंच्या फोनवरून आईला बोलावून घेतलं. बायको येईपर्यंत ती त्या बाईंजवळच उभी राहिली. काचेतून मला बघत होती. मी हात केला. ती एक पाऊल मागे सरकली.

डॉक्टर म्हणतात, त्या टकरींनीच मेंदू बिघडत चाललाय का, ते खात्रीने सांगता येत नाही, मेंदू उघडून बघितल्याशिवाय कळत नाही. म्हणजे मेल्यावर. तेव्हा मेंदू तपासायला द्यायचा, असा फॉर्म मी भरून दिलाय. गाडीच्या किल्ल्या बायकोकडे आहेत. मी घरी असलो की लेक दुपारी तिच्या खोलीला आतून कडी लावते. कडीचा आवाज होऊ नये म्हणून ती फार सावकाश लावते. मला तो तरीही ऐकू येतो आणि बरं वाटतं. कडी मजबूत आहे, मी स्वतः तपासलीय.

तू असतीस तर त्या सहीचा दोष स्वतःला लावून घेतला असतास, म्हणून एका परीने तू नाहीस ते बरंच. खेळ माझा होता, सोडला नाही तोही मीच. हे कागद कुणाला दाखवणार नाहीये, बायकोलाही नाही. फक्त एक सांगतो. लिहिता लिहिता मध्येच उठलो होतो, हे सगळं एवढं कशाला लिहायचं, सरळ तुझ्याशी बोलावं म्हणून. तुझा नंबर न चुकता लावला. पलीकडून कुणी अनोळखी माणूस बोलला, तर त्याला म्हणालो, "जरा आईला द्या."