न कुजवलेला वाख

मळा, सांगली
६ जानेवारी १९४६

बालमित्र हंबीरराव यांस मदन चौगुले याचा जयजिनेंद्र व स. न. वि. वि.

टक्‌, टकाक्‌, टकाक्‌. आठवतं? कविता म्हणून घेताना गुरुजी मेजावर रूळ आपटायचे आणि आपण चाळीस पोरं भुजंगप्रयात गर्जायचो. लघु चुकला की तोच रूळ बोटांवर. पन्नास वर्षं झाली, तरी पहाटे जाग येते ती त्याच ठेक्यानं.

हल्ली तो ठेका पायांनी धरावा लागतो. दिवाळीत चोरांनी माझं डोकं फोडलं म्हणून तू राखणीला कुत्रा धाडलास आणि नाव ठेवलंस जर्मन. तो नावाला जागतो. फिरायला नेलं की एक आखूड हिसका, मागोमाग दोन लांब फरफटी. शुद्ध भुजंगप्रयात! काल बांधावर तोंडघशी पडलो, पुढचा एक दात काळ्या आईला अर्पण झाला. सूनबाई प्रभावतीचं म्हणणं, मामंजी कुत्र्याला फिरवत नाहीत, कुत्रंच मामंजींना फिरवून आणतं.

चामड्याचा पट्टा आम्हा जैनांच्या उंबऱ्याच्या आत येत नाही, हे तू जाणतोस. तुझे वडील दोर वळायचे. ओढाळ कुत्र्यासाठी घरच्या घरी कसा वळावा ते कळव.

लोभ आहेच. दात गेला तरी तो ढळलेला नाही.
तुझा मदन


सातारा
११ जानेवारी १९४६

मास्तर मदन यांस हंबीरराव साळुंखे याचा रामराम. वि. वि.

पत्र पावलं. दाताचं वाचून लय हसलो, मग वाईट वाटलं. आमची कारभारीण बनुबाई म्हणते, शेळीसुद्धा ज्याचं ऐकत नाही त्याला मी वाघ धाडला.

आता नीट वाच, मध्येच कविता करू नकोस. बांधावरची घायपाताची पानं काप. चिरून डबक्यात दगडाखाली पंधरा दिवस कुजत घाल. गर सुटला की बडव, पीळ, धू, वाळव. उरतो तो वाख. तीन पदर उजवीकडं पिळायचे, मग तिन्ही मिळून डावीकडं, म्हणजे एक पीळ दुसऱ्याला धरून राहतो. गळ्यात सरकफास नको, जीव जाईल. दोन बोटं शिरतील एवढं पक्कं कडं कर. अन्‌ त्यानं ओढलं की तू ओढू नकोस, खांबासारखा उभा राहा. ओढून काही मिळत नाही हे कुत्र्याला माणसाआधी कळतं.

कुजवायला कंटाळू नकोस गड्या. कच्च्या वाखाचा दोर नवा असताना दांडगा दिसतो अन्‌ ऐन वेळी दगा देतो.

माया आहे तशी राहू दे.
हंबीरराव, हवालदार (पेन्शनर)


मळा, सांगली
२ फेब्रुवारी १९४६

मित्रवर्य हंबीरराव यांस मदनचा जयजिनेंद्र. वि. वि.

दोर तुटला.

परवा सकाळी फिरायला निघालो. शेजारच्या तोडलेल्या उसाच्या रानात जतकडचा हरिबा धनगर मेंढरं घेऊन उतरला आहे. कळप दिसताच जर्मननं हिसका दिला आणि माझ्या हातात वीतभर टोक उरलं. तो आत शिरला. एक नरडं फोडायचा, टाकायचा, दुसरं धरायचा. खाल्लं काहीच नाही. सात मेंढरं पडली. हरिबानं पाठीत काठी घातली, काठी मोडली. मग जर्मननं त्याचा उजवा हात धरला आणि मेंढरासारखाच झटकला. हाड मोडल्याचा आवाज मी ऐकला. तू सांगितलंस तसा खांबासारखा उभा होतो. प्रभावती मुसळ घेऊन धावली, तिसऱ्या घावाला जबडा सुटला. मुंगीला वाट देणारी माझी सून. अजून जेवलेली नाही.

तुझ्यापासून काय लपवू? घायपात मी कुजवलं नाही. पाचव्या दिवशी दगड उचलला तर डबक्यात अळ्या वळवळत होत्या, हजारोंनी. त्या बडवून, पिळून मारायच्या? पानं अलगद बाहेर काढली, अळ्या पाण्यात सोडल्या आणि हिरवीच पानं खरवडून दोर वळला. देखणा झाला होता. त्यावर चार ओळीही रचल्या होत्या.

हरिबाचे भाऊ कुऱ्हाडी घेऊन आले. कुत्रं द्या न्हाईतर म्हातारं द्या, असं ओरडत होते. महिन्याच्या आत कुत्र्याचा निकाल लावतो, असा शब्द पंचांसमोर दिला तेव्हा गेले.

या पत्राला लोभ मागण्याचं तोंड नाही.
मदन


सातारा
६ फेब्रुवारी १९४६

मदन यांस हंबीररावाचा रामराम.

अळ्या वाचवल्यास आणि माणूस फाडलास. मी पलटणीत असताना मेसोपोटेमियात माणसं मारली मास्तर, पण डोळे उघडे ठेवून. तू डोळे मिटून मारतोस, वर स्वतःला अहिंसक म्हणवतोस.

रक्ताची चटक लागलेलं कुत्रं सुधारत नसतं. १ मार्चला बंदूक घेऊन येतो. कुत्रा मी दिला, गोळीही मीच घालीन. तोवर साखळीनं बांध.

रागावलो आहे. लोभ त्यापलीकडचा आहे.
हंबीरराव


मळा, सांगली
२५ फेब्रुवारी १९४६

प्रिय हंबीरराव यांस मदनचा जयजिनेंद्र. वि. वि.

हरिबाचा हात कुजत चालला म्हणून डॉक्टरांनी कोपरापासून कापला. मी भेटायला गेलो तर त्यानं तोंड भिंतीकडे फिरवलं.

विहिरीची साखळी जर्मनच्या मानेत रुतून जखम झाली. तुझ्या बंदुकीपर्यंत त्याला चालवत न्यायला दोर हवा, म्हणून पुन्हा घायपात कापलं. या खेपेला पुरे पंधरा दिवस कुजवलं. अळ्या होत्याच. बडवलं, दोन्ही हातांनी पिळलं आणि बोटांमधून जे ओघळलं ते पाहिलं. नजर हटवली नाही. यावर ओळी रचलेल्या नाहीत.

इथवर लिहिलं आणि कडी वाजली. हरिबाचे भाऊ मुदतीआधीच आले असं धरून दार उघडलं. दारात हरिबाची बायको धोंडुबाई, एकटी, रिकाम्या हातांनी. सोप्यात नव्या दोरानं बांधलेला जर्मन तिच्या अंगावर झेपावला. दोर कण्हला, पण तुटला नाही. ती एक पाऊलही मागे सरली नाही.

म्हणाली, आवं मास्तर, कुत्रं मारून माज्या धन्याला हात फुटणार हाय का? राखणदार खाटेवर पडला तसे लांडगे सोकावलेत, आठवड्यात पाच कोकरं गेली. दीर कुऱ्हाडी पाजळत बसलेत कुत्र्यासाठी, लांडग्यांपुढं जायला कुणी नाही. जर्मनला ती मेंढरांत सोडणार नाही, तळाबाहेर खुंट्याला बांधील आणि लांडगा आला की सोडील. धन्याच्या हाताच्या बदली ती त्याला मागते आहे.

मी ज्याला जगवायचं तो मारण्यासाठीच जगणार. तरी नाही म्हणवलं नाही. बंदूक घरी ठेव, एवढं आजच्या टपालानं कळावं म्हणून तिला ओट्यावर बसवून हे लिहितो आहे. दोर बोटांनी चाचपून तिनं विचारलं, की ह्यो तरी तुटणार न्हाई न्हवं? मी सांगितलं, नाही बाई, यात पुष्कळ जीव गेलेत.

लोभ ठेव, डोळे उघडे ठेवून.
तुझा मदन