एवढा कागद

प्रिय खारूताई,

स्टीलच्या पेल्यावर चमचा वाजायचा. टण टण, जरा थांबून टण. आठवतो का गं तुला तो आवाज? तू तेव्हा टेबलाएवढीही नव्हतीस. मी डार्करूममध्ये लाल दिव्याखाली असायचो आणि मध्येच दार उघडलं की कागद वाया जायचा, म्हणून तुझ्या आईने ही युक्ती काढली होती. पानं वाढली की ती भिंतीपलीकडून चमचा वाजवायची आणि मी आतून ओरडायचो, आलो, एवढा कागद होऊ दे. तो व्हायचा, मग आणखी एक व्हायचा आणि तोवर भाजी थंडगार. शेवटी तिने माझं नावच तसं पाडलं. पाहुण्यांसमोरसुद्धा खुशाल म्हणायची, बसा, आमचे एवढा कागद आले की वाढते. तूही तेच उचललंस. कटरखाली पडलेल्या कागदाच्या पट्ट्या फ्रॉकच्या खिशात कोंबून पळताना तू मला त्याच नावाने चिडवायचीस, आणि म्हणून मी तुला खारूताई म्हणायला लागलो.

तू मागितलेला आईचा फोटो आज छापायला घेतला आहे. तोच, खिडकीपाशी बसलेली, दोन्ही हात मांडीवर आणि चेहऱ्यावर 'झालं का तुमचं एकदाचं?' असा भाव. जाड सुती कागदाच्या जुन्या पाकिटात तीन कागद शिल्लक होते. हातात घेतला की घडी घातलेल्या चादरीसारखा जड लागतो हा कागद. डार्करूम मोडून छपाईचं मशीन आणलं तेव्हा मला वाटलं होतं, आता या कामातली गंमत संपली. या कागदाने ती परत आणली. बघ ना, किती नखरे त्याचे! चळत करून ठेवता येत नाही. मऊ ब्रशने कापसाचे तंतू झटकायचे, पाकिटात राहून आलेला बाक हळूहळू उलटा वळवून काढायचा, मग एकेक कागद मागच्या फटीतून घालायचा आणि मशीन पकडेपर्यंत दोन्ही हातांनी सरळ धरायचा. कागदाची शेवटची चार बोटं उरली की पुन्हा हात लावायचा, नाहीतर शेपूट वर उठतं आणि शाईचं हेड चित्रावर घासतं.

सकाळी दोन कागद घालवले. पहिला उलटा गेला. शाई धरणारी बाजू कोणती, हे या कागदाच्या रंगावरून कळत नाही. तुझी आई कोपरा ओठांत धरून बघायची. ज्या बाजूला ओठ किंचित चिकटला ती खरी. मी म्हणायचो, बाई गं, तो कागद आहे, बिस्किट नव्हे. माझा भरवसा माझ्या बोटांवर. पण साखरेने आता बोटं बधिर केली आहेत, हे मी तुला फोनवर सांगितलेलं नाही. आईचा चेहरा पाण्याखाली ठेवल्यासारखा फिकट, पसरट बाहेर आला. दुसऱ्या वेळी बाजू बरोबर घातली, पण कागद जाड आहे हे मशीनला सांगायचंच विसरलो. हेड खालीच राहिलं आणि गालापासून गळ्यापर्यंत काळी रेघ ओढत गेलं. मी नुसता बघत उभा राहिलो. बंद करायचंही सुचलं नाही.

आता तिसरा, शेवटचा कागद मशीनमध्ये आहे. माझ्या हिशेबाने त्याला चौथीच्या पुस्तकातली नदीची कविता आठ वेळा म्हणण्याइतका वेळ लागतो. आई हसायची माझ्या या घड्याळाला. लोकांच्या घरी तास-मिनिटं असतात, आमच्याकडे कडवी, म्हणायची. ती कविता मी आता म्हणत नाही, हे तुझ्या लक्षात आलंय. आई गेल्यापासून बाबांची कविताच गेली, असं तू मावशीला सांगितलंस म्हणे. मावशीने मला डोळे पुसत सांगितलं. मी मान हलवली. खारूताई, त्यात खरं काहीच नव्हतं.

आई गेली त्या दुपारी तू कामाच्या मुलाखतीला गेलीस. अंथरुणावरून आईनेच हाकललं होतं तुला, माझ्या उशाशी बसून नोकरी चालत येणार आहे का, म्हणून. माझ्याकडे प्रदर्शनाचे बारा फोटो होते, संध्याकाळी द्यायचे. नववा कागद मशीनमध्ये असताना तिने चमचा वाजवला. टण टण, थांबून टण. मी ओरडलो, आलो, एवढा कागद निघू दे. थोड्या वेळाने पुन्हा वाजला. मी नदीची कविता म्हणत होतो. आवाज जरा चढवला. तिसऱ्यांदा एकच टण आला, तोही हलका. मग शांत झालं. मला वाटलं, लागला डोळा. मी दहावा घातला. अकरावा घातला. बारावा वाळत ठेवून चहा केला आणि दोन कप घेऊन आत गेलो. पेला तिच्या मांडीवर आडवा होता, पांघरूण भिजलं होतं, चमचा खाली पडला होता.

मशीन सोडून जाता येत नव्हतं, असं मी स्वतःला तीन वर्षं बजावलं. ते खोटं आहे. हात लागतो तो सुरुवातीला आणि शेवटी. मधली पंचवीस मिनिटं मशीन एकटं चालतं. हे पत्रसुद्धा मी त्या मधल्या वेळातच लिहितोय. खरं सांगू? ती रोजच वाजवायची. उशी सरकली, पडदा ओढा, तहान लागली. मी कंटाळलो होतो, आणि पांढऱ्या कागदातून चित्र उगवताना बघत उभं राहणं मला आवडत होतं. एवढंच. तू यायच्या आत मी तो चमचा धुऊन जागेवर ठेवला.

तू आलीस, आईच्या उशाला तू लावून दिलेली सेलवरची घंटा दाबलीस, ती वाजली नाही. सेल, मी सकाळी सेल बदलणार होते, असं ओरडून तू भिंतीला टेकून खाली बसलीस. मी तुझ्या शेजारी बसलो, पाठीवर हात ठेवला आणि गप्प राहिलो. दुसऱ्या महिन्यात तू दूरची नोकरी धरलीस, आणि तेव्हापासून या घराची पायरी चढली नाहीस. दर रविवारी फोनवर तेच विचारतेस, बाबा, आईने हाक मारली असेल का हो? आणि मी म्हणतो, नाही गं, झोपेतच गेली. गेल्या रविवारी तू म्हणालीस की तो नवा सेल अजून तुझ्या पर्समध्ये आहे. मी फोन ठेवून दिला. म्हणून हे पत्र. तिने हाक मारली होती, बाळा, तीनदा, आणि ती मला ऐकू आली होती. घंटेला सेल असता तरी मी गेलो नसतो. फेकून दे तो सेल. मग मला काय म्हणायचं ते म्हण. आता तिचे हात छापून यायचे आहेत, शेवटची चार बोटं उरली, उठायला हवं. आणि दाराच्या काचेवर कोणीतरी किल्लीने वाजवतंय. टण टण, थांबून टण. ही खूण आता माझ्याशिवाय एकाच माणसाला ठाऊक आहे, आणि तू तर दोन महिन्यांनी येईन म्हणाली होतीस. टपालाचं पाकीट राहू दे, हे पत्र तुझ्या हातातच देतो. तोंडाने सांगायला गेलो तर पुन्हा झोपेतच गेली म्हणेन. मशीनपाशी कागदाचं शेपूट उठतंय, मला इथून दिसतंय. उठू दे. आलो.

तुझाच,
एवढा कागद