पिंप ठेवल्यावरची खिचडी

बाई, तुमच्याच स्वयंपाकघरात बसून लिहिते आहे. आता इथे रोजचा स्वयंपाक होत नाही, संस्थेची पिंपं राहतात. शेवटच्या आजारपणात तुम्ही मला एक प्रश्न विचारला होता आणि मी एका शब्दात उत्तर दिलं होतं. तो शब्द इतकी वर्षं मला सलतोय, तुमच्यासमोर बोलायची तर सोय उरली नाही, म्हणून कागदावर.

तुम्ही शाळेतून निवृत्त होऊन संस्था काढलीत तेव्हा जव्हारात लोक म्हणाले, बाईंना घरी करमत नाही. मी तुमची जुनी विद्यार्थिनी, बी.ए. होऊन नोकरीची वाट बघत बसलेली. तुम्ही मला हाताशी घेतलंत. काम सांगायला सोपं होतं. नदी चढून फरशीचा ठेंगणा पूल पाण्याखाली गेला की ज्या पाड्यांचा रस्ता तुटतो, तिथे वैशाखातच एकेक निळं पिंप नेऊन ठेवायचं. त्यात तांदूळ, डाळ, मीठ, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेल्या काडेपेट्या, जुलाबावरच्या पुड्या, दोरखंड. पूर आल्यावर निघालेली मदत नदीच्या अलीकडे उभी राहून पाणी बघत बसते, असं तुम्ही म्हणायचात. पण पिंप ठेवलं की तुम्ही लगेच निघत नव्हतात. कुणाची तरी चूल मागायची, पिंपाचं झाकण काढायचं, त्यातलेच डाळ-तांदूळ घेऊन सगळ्यांदेखत खिचडी शिजवायची. पहिला घास पाड्यातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाला, मग पोरंबाळं, मग तुम्ही त्यांच्या पंगतीत मांडी घालून. यात दोन तास सहज जायचे. "अहो बाई, एवढ्यात मोखाड्याकडचे आणखी दोन पाडे झाले असते," असं मी एकदा बोलून गेले. तुम्ही म्हणालात, "तू शिकलेली आहेस, तुला घाई असणारच." मी मोखाडा येईपर्यंत तोंड फुगवून बसले. खिचडीमागचं कारण तुम्ही सांगितलं नाहीत आणि मीही विचारलं नाही.

मग एका वर्षी तुम्ही अंथरुणाला खिळलात आणि मी एकटी निघाले. जामसरच्या पलीकडच्या त्या पाड्यावर पोचेपर्यंत आभाळ भरून आलं होतं, जीपवाला हॉर्नवर हॉर्न वाजवत होता. मी पिंप तिथल्या म्हाताऱ्या बाबांच्या घरात ठेवलं, आत काय काय आहे ते सांगितलं आणि पळाले. भर पावसाळ्यात नदीने रस्ता धरला तो सहा दिवस सोडला नाही. सातव्या दिवशी मी गुडघाभर पाण्यातून दोर धरून पलीकडे गेले. अजून डोळ्यांसमोर आहे. घरात रानातल्या कंदांची सालं पडलेली आहेत. बाबांची नात नुकतीच बाळंत झालेली, भिंतीला टेकून बसली आहे. तिला दूध येत नाही आणि बाळाला रडण्याइतकाही जोर उरलेला नाही. आणि कोपऱ्यात माझं पिंप, झाकण मी लावून गेले तसंच. त्याच्याभोवती स्वच्छ सारवलेलंसुद्धा आहे.

मी ओरडलेच, "अहो बाबा, घरात तांदूळ असताना उपाशी का राहिलात?"

बाबा माझ्याकडे नवलानं बघत राहिले. "तुमचा ठेवलेला तो. धन्यानं सोडल्याबिगर कसा खावा? आमी काय चोर हाव?"

"मी सांगितलं होतं ना, तुमच्यासाठीच आहे म्हणून!"

"सांगला तं होता. पन आमच्यासंगं बसून खाल्ला नाय ना तुमी. बाय खाती."

त्या चुलीवर मी खिचडी शिजवली, निम्मी करपली. त्या मुलीने दोन ताटं खाल्ली. मी तिथेच राहिले. दुसऱ्या दिवशी बाळ अंगावरचं दूध ओढायला लागलं. ते वाचलं. वाचलं नसतं तर मी हे लिहायलाही बसू शकले नसते.

जव्हारला येऊन तुमच्या उशाशी बसले तर तुमचा पहिला प्रश्न, "पिंप ठेवताना खिचडी शिजवली होतीस ना गं?" मी म्हणाले, "हो." तुम्ही बराच वेळ माझ्याकडे बघितलंत आणि म्हणालात, "मग बरं." दिवाळीच्या आत तुम्ही गेलात.

पुढच्या वर्षी त्या पाड्यावर गेले ती आधी चूल मागितली. बाबा बोळक्या तोंडाने हसले. "आता शिकलीस. बाय बी पयल्या साली नुसता ठेवून गेलती. पानी उतरल्यावर आली, तं तांदूल तसाच. आथंच बसून रडली." खिचडी ढवळायचा डाव हातात तसाच राहिला, बाई. मला वाटायचं, हे तुम्हाला कुणी वडीलधाऱ्यांनी शिकवलं असेल. त्या पहिल्या साली कोण उपाशी राहिलं होतं? सगळे वाचले होते का? बाबांना विचारलं तर ते चुलीत लाकूड सारत राहिले. आणि माझा "हो" ऐकून तुम्ही इतका वेळ बघत राहिलात, तेव्हा तुम्हाला कळलं होतं का? मी खरं बोलले असते तर तुम्हीही तुमचं सांगितलं असतं, असं मला फार वाटतं. तेवढं एक बोलणं मी माझ्या हाताने घालवलं.

हल्ली संस्थेत नव्या मुली येतात. खिचडी शिजेपर्यंत घड्याळ बघतात, माझ्यासारख्याच. त्यांना मी कारण सांगते, तुमच्यासारखी गप्प बसत नाही. एकदा पिंप नुसतंच ठेवलं गेलं आणि एक बाळ जाता जाता वाचलं, हे सगळं सांगते. कुणी ठेवलं होतं, ते मात्र सांगत नाही. मुलींची नजर भिंतीवरच्या तुमच्या फोटोकडे जाते, आणि मी ती जाऊ देते.