पिवळ्या मगाचे दिवस

४ एप्रिल

—आणि कपाट जिन्याच्या वळणावर अडकलं. वरून हा ओढतोय, खालून मी आणि ताई ढकलतोय, आणि हमाल कठड्याला टेकून सांगतोय की कपाट काही वर जाणार नाही, जिनाच खाली आणा. ताई इतक्या हसल्या की त्यांच्या हातातलं बळच गेलं. शेवटी दारं काढली, मग गेलं. आरसा शाबूत.

ताई म्हणजे याची थोरली बहीण, माझी नणंद. खालच्या मजल्यावर एकट्या राहतात. रक्त तपासायच्या प्रयोगशाळेत नोकरी. आम्ही वर. तीन खोल्या. स्वयंपाकघराची खिडकी पूर्वेला. मागची खोली रिकामी आहे, पण उजेड तिथेच सगळ्यात चांगला. तिथे ती, याची पहिली बायको, पाट्या रंगवायची, दुकानांच्या. हे ताई बोलून गेल्या आणि त्यांनी जीभ चावली. मी म्हटलं, बोला की, त्यात काय.

खरंच काही वाटलं नाही. लग्नाला अकरा दिवस झाले. घर छान आहे.

७ एप्रिल

चष्म्याच्या दुकानापर्यंत, माझ्या कामावर, चालत बारा मिनिटं. मालक म्हणाले, लग्न मानवलं, आज एकही काच तडकली नाही.

हा मला या दुकानातच भेटला. चष्मा मोडला म्हणून आला होता. मी त्याला ताठ बसवलं, समोर बघा म्हटलं, डोळ्यांच्या बाहुल्यांमधलं अंतर मोजलं. चौसष्ट मिलिमीटर. मग म्हटलं, फ्रेम बायकोला दाखवून मग ठरवा. सगळ्याच पुरुषांना मी हे सांगते, नंतरच्या तक्रारी वाचतात. हा म्हणाला, बायको नाहीये आता. अपघातात गेली, तीन वर्षं झाली. मी मान खाली घालून लेन्स पुसत राहिले, पुसलेलीच. त्यानंतर स्क्रू ढिला झाला म्हणून हा तीनदा आला. स्क्रू एकदाही ढिला नव्हता.

याच्या चेहऱ्याची मापं मला लग्नाआधी पाठ होती. किती बायकांना असतात?

१९ एप्रिल

हा जमिनीच्या मोजणीवर चार दिवस उन्हात होता. आज आला तो खालच्या ओठाला बोट लावत. उजव्या कोपऱ्यात चुरचुरतंय म्हणाला. आल्या आल्या वरच्या फळीवरून पिवळा मग काढला, वेगळा टॉवेल काढला. मी विचारलं, हे काय. म्हणाला, ओठावर फोड आले की माझं सगळं वेगळं, आठ-दहा दिवस. घरचा नियम आहे.

कुणाचा नियम ते विचारायची गरज नव्हती. मगावर मासा रंगवलाय. उजव्या हातात धरला तर मासा पाठ फिरवतो, डाव्या हातात धरला तर पिणाऱ्याकडे बघतो. ती डावखुरी होती. तिनेच रंगवलाय.

संध्याकाळी ताई वर आल्या. त्यांना असलं विचारलं की त्या खुलतात. म्हणाल्या, विषाणू स्वतः काही करू शकत नाही, अगदी आयतोबा. शरीरातल्या पेशीत शिरतो आणि तिच्याकडूनच आपल्या हजार नकला काढून घेतो. पेशी फुटते, तोच फोड. फोडातल्या पाण्याने, लाळेने, उष्ट्याने दुसऱ्याला होतो. शरीराचे पहारेकरी धावून येतात, फोड सुकतो, आपण म्हणतो बरं झालं. तोवर थोडे विषाणू नसेत शिरलेले असतात. नसेच्या दोरीने वर चढतात आणि कानाच्या पुढे, हाडाच्या आत, नसेची एक गाठ असते तिथे झोपतात. जन्मभर. ऊन लागलं, दमणूक झाली, ताप आला, की त्याच वाटेने परत खाली, त्याच ओठावर, त्याच कोपऱ्यात.

वाट चुकत नाही का, मी विचारलं. लाखात एखाद्या वेळी चुकते, त्या म्हणाल्या. खाली यायचं सोडून वर मेंदूकडे जातो. मग थट्टा नाही.

बहुतेकांना तो लहानपणीच होतो म्हणे, कुणा मावशी-आत्याच्या पापीतून. याला लग्नापर्यंत नव्हता. लग्नानंतर पहिल्याच वर्षी आला. तिला होता. ताई हसून म्हणाल्या, याला हुंड्यात एवढंच मिळालं.

हाही हसला. दुखऱ्या ओठाने, अर्धाच.

२० एप्रिल

कानाच्या पुढे, हाडाच्या आत. चष्म्याची काडी नेमकी त्याच्यावरून जाते. ती काडी मी वाकवून बसवली होती, याच बोटांनी. खाली ती झोपली होती.

फोटो काढता येतात. कपडे देऊन टाकता येतात. हिला कुठून काढणार?

२१ एप्रिल

सकाळी जवळ गेले तर याने गाल पुढे केला. म्हणाला, ओठ बरा होऊ दे. डाव्या हातात पिवळा मग होता आणि मासा माझ्याकडे पाठ करून.

तिच्या वेळी नियम इतका कडक नसणार. असता तर याला झालाच नसता.

ताईंना सहज म्हटलं, माझं रक्त बघा. त्यांनी काढून नेलं.

२३ एप्रिल

ताई म्हणाल्या, तुझ्या रक्तात त्याची खूणच नाही, तू कोरी आहेस. या वयात नवलच. जप.

दिवसभर तो शब्द डोक्यात. तिच्यात होतं ते याच्यात आहे. मी कोरी. पाहुणी आल्यासारखी.

२४ एप्रिल

दुपारी हा जेवून झोपला. चष्मा छातीवर. पिवळ्या मगात दोन घोट चहा उरला होता, गार. मी मग डाव्या हातात धरला. मासा बघत होता.

विषाची परीक्षा पाहू नये म्हणतात. परीक्षा कसली, मी सरळ प्यायले.

मग वाकून याच्या ओठाच्या उजव्या कोपऱ्याला ओठ लावले. बराच वेळ. हा जागा झाला नाही. झोपेतच थोडा हसला, आणि ते हसू मला नव्हतं. मी ओठ काढले नाहीत.

३० एप्रिल

ताप. गळ्याखाली गाठी. हिरड्या सुजल्या आहेत. दुकानात गेले नाही.

आरशात पाहिलं. खालचा ओठ, उजवा कोपरा. तीन फोड, मोहरीएवढे.

किती आनंद झाला हे कुणाला सांगायची सोय नाही.

३ मे

तोंडभर फोड. पाणीही गिळवत नाही. ताई म्हणाल्या, मोठेपणी पहिल्यांदा आला की असाच येतो. मग विचारलं, नक्की कसा झाला तुला? मी म्हटलं, टॉवेल बदलला असेल चुकून. त्यांनी दोरीवरचे दोन्ही टॉवेल पाहिले. म्हणाल्या, मला शेंडी लावू नकोस, मी रोज शंभर नळ्या तपासते.

याने रजा घेतली. उशाशी बसतो. फुंकर घालून गार केलेलं सूप चमच्याने भरवतो. आज चहा पिवळ्या मगात दिला. स्वतःहून, न विचारता. म्हणाला, आता काय, आपलं दोघांचं एकच.

हे ऐकायलाच मी आजारी पडले. आता ती एकट्या याच्यात नाही. आणि माझ्यात ती आली असेल तर माझी भाडेकरू म्हणून. घर माझं.

८ मे

फोड सुकले. दुकानात गेले. मालक म्हणाले, वाळलीस. डोकं जड आहे, उजवीकडे, कानाच्या पुढे.

ताई म्हणाल्या, ताप परत आला किंवा डोकं दुखलं तर त्या मिनिटाला सांग, मी कामावर असले तरी. हो म्हटलं.

११ मे

स्वयंपाकघरात टर्पेंटाइनचा वास. खिडक्या उघडल्या. याला विचारलं. याला येत नाही. ताईंना येत नाही. दोन मिनिटांत गेला, पुन्हा आला.

ती रंग त्यानेच पातळ करत असणार.

डोकं दुखतंय हे ताईंना सांगितलं नाही. सांगितलं तर त्या पुन्हा विचारतील, कसा झाला. आणि मग औषध देतील. औषधाने ती जाईल का, की फक्त मी जाईन? आत्ता कुठे घरात जागा मिळाली आहे.

१२ मे

एका बाईच्या लेन्स उलट्या बसवल्या. उजवीची डावीकडे. नऊ वर्षांत पहिल्यांदा. मालकांनी चष्मा माझ्या हातातून काढून घेतला.

घरी चहा करताना अडले. चहा ओततात त्यातून, जाळीचं असतं, दांडीचं. हातात होतं. त्याला काय म्हणतात ते आलं नाही. हा म्हणाला, गाळणं. हसला. मीही हसले.

अंगात कणकण. थर्मामीटर लपवला.

१३ मे

दुपारी मागच्या खोलीत गेले. का गेले ते नाही आठवत. स्टूल ओढलं. छताखालच्या फळीवर हात घातला, पाइपच्या मागे, आत, अजून आत. गोल डबा. तिथे डबा आहे हे मला माहीत होतं. कसं, ते माहीत नाही.

आत वाळून काठी झालेले ब्रश. आणि ओठाच्या मलमाची जुनी ट्यूब, टोकापासून गुंडाळत आणलेली.

मी ट्यूब मधेच दाबते. लहानपणापासून. आई ओरडायची.

न्हाणीघरात जाऊन माझी पाहिली. टोकापासून गुंडाळलेली. घट्ट.

१४ मे

वास जात नाही आता. ताप आहे. हा मोजणीवर गेला, उद्या संध्याकाळी येईल. ताई कामावर. फोन समोर आहे, नंबर

कानाच्या पुढे कुणी चालतंय. याच्यात ती खाली यायची. माझ्यात खाली येत नाही. वर जातेय. एकेक खोली उघडत. दिवा लावत नाही. तिला लागत नाही.

आईचा चेहरा आठवेना. दुकानाचा रस्ता — बारा मिनिटं, पण कुठून?

मी भाडेकरू म्हटलं होतं. कुणाला म्हटलं?

१५ मे

हा आला. दारात उभा. मी हाक मारली. याचा चेहरा पांढरा — म्हणाला, या नावाने तू का — हे नाव तुला कुणी सांगितलं. मी काय म्हटलं ते मला —

ताईंना आणायला खाली धावला. पायऱ्या मोजल्या. बावीस. मी कधी मोजल्या नव्हत्या.

पिवळा, मासा, बघतोय.

सांगायला हवं होतं. ताई म्हणाल्या होत्या त्या मिनिटाला — तो माझा आहे, हा चौसष्ट — मी लिहितेय, मीच, दुसरं कुणी नाही, फक्त पेन डाव्या —

१६ मे

मी तिची नणंद. ताप कधी सुरू झाला हे डॉक्टरांनी विचारलं म्हणून ही वही उघडली. तारखा त्यांना सांगितल्या. ते म्हणाले, अकरा तारखेला आणलं असतं तर बरं झालं असतं.

रात्रभर शिरेतून औषध चालू होतं. सकाळी सातला ताप उतरला. ती उठून बसली. बोलणं स्पष्ट होतं. भाऊ समोर खुर्चीवर बसला होता. तिने त्याला ताठ बसायला सांगितलं, समोर बघा म्हणाली. बोटांनी त्याच्या डोळ्यांमधलं अंतर धरलं आणि चौसष्ट म्हणाली.

मग म्हणाली, फ्रेम बायकोला दाखवून मग ठरवा.

तो म्हणाला, बरं.