आंजीच्या अभ्यासिकेची खुर्ची

प्रिय बाबा,

सिंदी मेघेहून आंजी काही लांब नाही. गाडी काढली की मी तुमच्यासमोर. तरी पत्र लिहितेय, कारण समोरासमोर आपलं बोलणंच होत नाही. मी तुमच्या अभ्यासिकेचा विषय काढला की तुम्ही विचारता, "जेवली का तू?" आणि नुसती मुलगी म्हणून येऊन बसले की तुम्ही देणगीच्या प्रस्तावाची फाइल काढता.

माझं सल्लागाराचं ऑफिस बरं चाललंय. खालच्या पिठाच्या गिरणीमुळे फोनवर ओरडून बोलावं लागतं आणि लोकांना वाटतं, मॅडम चिडल्या. नागपूरची नोकरी सोडून ही खोली घेतली तेव्हा तुम्ही गावात सांगायचात, "पौर्णिमा संस्थाइले कागदं लिहून देते." ते खोटं नाही. पण आता लोक कागदांपेक्षा दुसऱ्याच गोष्टी घेऊन येतात. अध्यक्ष-सचिवांचा अबोला, सोडून चाललेली कार्यकर्ती, देणगीदाराला काय तोंड दाखवायचं. मी बाहेरची, म्हणून ऐकतात. आंजीत मात्र मी बाहेरची नाही आणि आतलीही नाही. भैयाजी सरांची मुलगी आहे.

मागे कारंज्याला छोट्या संस्थांचं शिबिर घेतलं. विषय होता, संस्था उभी करणाऱ्यानं बाजूला कधी व्हावं. चांगलं रंगलं होतं. मध्येच गोमाजीभाऊ उठले. आदिवासी मुलींचं वसतिगृह चालवतात ते. म्हणाले, "मॅडम, हे तुमच्या बाबाले सांगतलं का?" सगळे हसले, मीही हसले. परतताना हायवेवरच्या ढाब्यावर चहा घेतला, तो तसाच ठेवून उठले.

त्यानंतरच देणगी देणाऱ्या कंपनीचे लोक अभ्यासिका पाहायला आले. संध्याकाळी मुली का येत नाहीत, असं त्यांनी सरिताला विचारलं. रस्त्यावर दिवे नाहीत, हे ती सांगायला लागली, तोच तुम्ही तिला थांबवलंत. "तुले काय समजते? मी सांगतो." मग समाजमंदिरात सतरंजी टाकून तुम्ही पहिला वर्ग कसा भरवलात, ते सांगितलंत. ते सगळं खरं आहे. त्या सतरंजीवर मी शिकले. पण सरिताही तुमचीच विद्यार्थिनी, बाबा. आज अभ्यासिकेचं दार ती उघडते, स्पर्धा परीक्षेचे तास ती घेते, कुणाचं जातीचं प्रमाणपत्र अडलं की तहसीलला तीच खेटे घालते. त्या दिवशी ती खाली मान घालून पाण्याचे ग्लास उचलत होती. मी तिथेच उभी होते. सल्लागार म्हणून बोलले असते तर तुमचा अपमान झाला असता. मुलगी म्हणून गप्प राहिले, तर तिचा झाला.

दुसऱ्या दिवशी ती माझ्याकडे आली. म्हणाली, "ताई, मी सोडून राह्यली. नागपूरले काम भेटलं. सरांले सांगाची हिंमत नाई होत, तुम्ही सांगजा." मी म्हटलं, कमिटीच्या मीटिंगपर्यंत थांब. "काऊन थांबू?" असं तिनं विचारलं.

मग कमिटीतल्या बाबाराव काकांचा फोन. "सर थकले आता. तूच बस अध्यक्षाच्या खुर्चीवर. सर बी तेच म्हणते." मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. रविवारी मी अभ्यासिकेत आले तर तुम्ही मला हसत हसत त्या खुर्चीत बसवून पाहिलंत. मीही हसले आणि लगेच उठले. हो म्हणाले तर माझं काम बंद. 'संस्था घरात ठेवू नका' हे पुन्हा कुठल्या तोंडानं सांगू? नाही म्हणाले तर गाव म्हणेल, सरांच्या पोरीले बापाच्या कामाले वेळ नाई. दोन्ही दारं माझ्याच तोंडावर बंद होतात, आणि दोन्ही तुम्ही मायेनंच लावलीत. म्हणून ढकलताही येत नाहीत.

शनिवारी मीटिंग आहे. मी येईन आणि मागे बसेन. बाबाराव काका माझं नाव सुचवतील, तेव्हा मी नाही म्हणेन. सगळ्यांसमोर माझ्या तोंडून पहिल्यांदा ऐकावं लागू नये, म्हणून हे आधी कळवतेय. खुर्चीसाठी सरिताचं नाव मी घेणार नाही. मी घेतलं तर तो सल्लागाराचा सल्ला होईल. तुम्ही घेतलंत तर ती थांबेल, असं मला वाटतं. खात्री नाही. पत्राचं उत्तर लिहू नका, मलाही फोन करू नका. सरिताला करा. ती तुमच्या फोनची वाट पाहत नाहीये. सामान बांधतेय.

रागावलात तरी तुमचीच,
पौर्णिमा