तेल राहू दे, वहिनी

प्रिय वहिनी,

सकाळी फोनवर मी तुझ्यावर ओरडले. तू सहज सांगितलंस, "शेजारच्या गुणाजीकाकांचा तोंड वाकडा झाला, हातातसून कप पडलो. अंगावरसून वारो गेलो वाटता. मी तेल चोळूक चललंय."

"तेल राहू दे! गाडी काढा, जिल्ह्याच्या हॉस्पिटलात न्या, आत्ताच्या आत्ता!" भांडुपच्या भर बाजारात मी किंचाळले. लोक बघत राहिले.

तू ऐकलंस. दुपारी काकांच्या सिद्धेशचा फोन आला. मेंदूतली गुठळी विरघळवायचं इंजेक्शन वेळेत मिळालं, काका हात हलवतायत, बोलतायत.

मग तुझा फोन. हळूच विचारलंस, "ह्यांका पण तेव्हाच नेलला असता तर?"

मी "आवाज येत नाही गं" म्हणाले आणि फोन कापला.

शिमग्याला दादा असाच तोंड वाकडं होऊन पडला, तेव्हा तू दिवसभर त्याचे हातपाय चोळत बसलीस. नंतर त्याला मुंबईला आणल्यावर मुलुंडच्या डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, ते इंजेक्शन पहिल्या चार-साडेचार तासांतच देतात. पण हे आपल्याला आधी कोणी सांगितलं होतं का गं? गावात एकाला तरी ठाऊक होतं?

आजही तू दादाला घास भरवतेस, त्याच्या तोंडून निसटलेला शब्द ओळखून दाखवतेस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर 'हो' आहे, वहिनी. म्हणून हे पत्र मी पोस्टात टाकणार नाही.

तुझीच नणंद,
हेमांगी